टोमॅटोच्या खोक्याची नादमुद्रा

ही हकीकत कुणाला पटणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. माझी नातसून ऋता समोर बसली आहे, ती कॉलेजात फिजिक्स शिकवते. तिच्या भुवया आत्ताच वर गेल्यात. जाऊ द्या.

तेव्हा पुण्याच्या नाद-प्रयोगशाळेचा प्रमुख म्हणजे अस्मादिक. साम्यमापी हे यंत्र माझंच. समोर गिटार वाजली की तिच्या आवाजाचा ठसा, म्हणजे नादमुद्रा, ते टिपून घेई आणि सरकारदरबारी नोंदलेल्या नादमुद्रांशी ताडून पाही. कायदाच तसा झाला होता. एखाद्या नामवंत वादकाच्या नावाने कंपनीने गिटार काढली, की तिच्यासारखी दुसरी कुणी मागणीवरून घडवून द्यायची नाही. साम्य शंभरात नव्वदच्या वर गेलं की ती नक्कल.

वसईची रेमेडिया लोपीस गिटार वाजवायला लागली की माणसं हातातला घास तसाच धरून बसत. तिच्या नावाची गिटार एक बडी कंपनी विकत असे. एकदा विमानप्रवासात रेमेडियाची स्वतःची गिटार चिरडली. तिने मिरजेच्या एका कारागिराकडे तशीच दुसरी घडवायला टाकली. नमुना तयार झाला, तिने तो वाजवून पाहिला, आणि साम्यमापीने निकाल दिला: ही रेमेडिया लोपीसची नक्कल आहे, घडवता येणार नाही.

"रेमेडिया लोपीस मीच की," ती म्हणाली. यंत्राला त्याचं काय?

मग तिने दुकानातली शिकाऊ गिटार उचलली. तीही नक्कल. उधारीवर आणलेली, तीही नक्कल. कंपनीने संधी साधून दावाच ठोकला, की या बाईंनी आमच्या परवानगीशिवाय कुठल्याही गिटारीला हात लावू नये. म्हणजे वाजवणंच बंद. गावच्या सणाला तिचा कार्यक्रम ठरलेला होता, तोही गेल्यातच जमा.

न्यायाधीशांनी चाचणी माझ्याकडे सोपवली. कंपनीकडून डॉ. वर्टी आले. नादशास्त्रातला पंडित माणूस, पण शर्टाची इस्त्री मोडेल म्हणून खुर्चीला टेकतसुद्धा नसे. रेमेडिया आली ती टोमॅटोचं लाकडी खोकं घेऊन. त्याला तिने एक फळी ठोकून तारा ताणल्या होत्या. तिने ते वाजवलं. साम्यमापी म्हणाला, शहाण्णव.

वर्टी हसले. बाई आता खोक्यातही आमची चोरी करतात, म्हणाले.

मी त्यांना विचारलं, "नादमुद्रा नोंदवताना गिटार कुणी वाजवली होती?"

"लोपीसबाईंनीच. दुसऱ्या कुणाच्या हातात ती इतकी खुलेना."

"मग नोंदलंत काय? तार कुठे छेडली, नख किती तिरपं लागलं, बोट कधी उचललं, यातच नादाची सगळी ओळख. लाकूड फक्त आवाज मोठा करतं. वर्टी, तुम्ही गिटार नोंदलीच नाहीत. तुम्ही हिची बोटं नोंदलीत."

वर्टींचं हसू मावळलं. पण रेमेडिया तेवढ्यावर सोडणारी नव्हती. कंपनीने पुरावा म्हणून आणलेली, मखमली पेटीतली, तिच्याच नावाची गिटार तिने उचलून त्यांच्या मांडीवर ठेवली.

"डॉक्टर, आता तुम्ही वाजवा."

वर्टी बरं वाजवत, खोटं कशाला बोलू. साम्यमापी म्हणाला, एकतीस. ही रेमेडिया लोपीसची गिटार नव्हे.

पुढचं कंपनीच्याच नियमाने झालं. दुकानादुकानांतल्या गिटारी त्याच यंत्रापुढे आणून वाजवल्या, आणि एकही तिची ठरेना. तिच्या नावाने भलतंच विकता काय, असं विचारून न्यायाधीशांनी कंपनीला प्रत्येक गिटारीवरून ते नाव खरवडून काढायला लावलं. नादमुद्रा ज्याच्या हातात, त्याच्याच मालकीची, असा कायदा झाला. अडलेली गिटार मिरजेच्या कारागिराने पुरी केली. पण सणाच्या दिवशी रेमेडिया हट्टाने ते खोकंच घेऊन व्यासपीठावर चढली, आणि सगळी वसई उभी राहून ऐकत होती.

जाताना तिने खोकं मला भेट दिलं. हे काय, खुंटीवर टांगलंय. त्यात तिचा नाद अजून जसाच्या तसा आहे. परवाच मी सहज छेडलं, तर साम्यमापी म्हणाला, सत्त्याण्णव. तिच्यापेक्षाही एक जास्त.

ऋताने चहाचा कप खाली ठेवला.

"आजोबा, नाद बोटांत असतो, खोक्यात नसतो, हे आत्ता तुम्हीच सांगितलंत. मग परवा बोटं कुणाची होती?"