शेवटच्या विटेवर तीन ठोके

गवंडी भरदुपारी आत्याकडे निघाला तो एवढंच विचारायला, की आपल्या घराण्यात कोंडलेपणाची धास्ती कुणाला होती का.

त्याची लेक सात वर्षांची. महिन्यापूर्वी त्यानं घरामागं नवी खोली बांधली, शेवटची वीट बसवली आणि घरच्या रीतीप्रमाणे थापीच्या दांड्यानं तिच्यावर तीनदा ठोकलं. आजा ठोकायचा, बाप ठोकायचा, म्हणून हाही. का, ते कधी कुणी विचारलं नव्हतं. पण ते ठोके ऐकले मात्र, पोर किंचाळली, "श्वास कोंडतोय... बाहेर काढा मला!" उभी होती चांगली मोकळ्या अंगणात! त्या दिवसापासून तिला अन्न गोड लागेना, डोळ्याला डोळा लागेना. पोर वाळून काडी झाली.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पूर्वजांच्या आठवणी रक्तातून उतरतात, असं काही लोक मानतात. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून तरी बघा." बापड्याला तेवढाही आधार पुरला. रक्तातलं असेल तर जुनं असेल, झालंगेलं असेल!

आत्यानं सगळं ऐकलं आणि चहाचा कप खाली ठेवला.

"आई पळून गेली, असं बाबांनी लोकांना सांगितलं," ती हळूच म्हणाली. "पण त्याच दिवशी त्यांनी मागच्या खोलीत भिंत घातली. शेवटची वीट बसवून तीनदा ठोकलं... कान लावला... आणि आतून तीनदा वाजलं."

"आणि तू गप्प बसलीस?"

"सहा वर्षांची होते रे. बोललीस तर तुझीही पाळी, म्हणाले. तुझा बाप तेव्हा रांगत होता."

परतताना गवंड्याची वाट सरेना. बाप रांगत होता... म्हणजे आजीचं रक्त पुढं आलं, ते ती भिंतीत जायच्या आधी. मग भिंतीतली आठवण त्या रक्तात आली कुठून? आणि आठवण नसेल, तर पोरीला हे सांगतंय कोण?

घरी लेक नव्या खोलीत भिंतीला कान लावून बसली होती. कितीतरी दिवसांनी चेहरा शांत. त्याचा जीव भांड्यात पडला.

"बाबा, मला आता भीती नाही वाटत. ती तुझ्याशीच बोलायला आलीय."

"कोण, बाळा?"

"ती विचारतेय... मी आतून वाजवलं होतं ना? मग वीट का नाही काढलीस?"

तो काही बोलणार, तेवढ्यात त्या नव्याकोऱ्या भिंतीत तीनदा वाजलं. त्यानं खाली पाहिलं. उजव्या हातात थापी होती, दांडा भिंतीकडे धरलेला. ती त्यानं कधी उचलली, ते त्याला आठवेना.