सुकाणूवरचा माणूस

लढाईच्या दिवसांतला उन्हाळा. वसराम हिंगोलीहून जवळच्याच गोरेगावच्या वाटेनं पायीच निघाला होता. तिथल्या बंजारा तांड्यावर जाऊन थावराच्या बायकोला एक बातमी सांगायची, एवढंच काम होतं. पण पाय उचलत नव्हते.

वसराम आणि थावरा एकाच तांड्यावरचे, एकाच आगबोटीवर कोळसा ओढायला लागलेले. आगबोट बुडाली तेव्हा शिडाची एक लहानशी होडी दोघांच्या हाती लागली. शीड थावराला कळायचं, म्हणून सुकाणू त्याच्याकडं. अर्ध्या वाटेत तो तापानं गेला. वसरामनं त्याला स्वतःच्या हातानं समुद्रात सोडलं आणि आता आपलीच पाळी, असं समजून तो होडीच्या तळाशी जाऊन पडला.

पण होडी भरकटली नाही. ग्लानीत त्याला शीड ओढल्याचा आवाज यायचा, मधूनच सुकाणूची कुरकुर. डोळे उघडायचा धीर मात्र त्याला झाला नाही. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर कोळ्यांनी त्याला उचललं, तेव्हा एक म्हातारा कोळी रिकाम्या होडीकडं बघत राहिला.

"दुसरा कुठं गेला? लांबून दोघं दिसत होतात... एक सुकाणूवर बसलेला."



वसराम तांड्यावर पोचला, तेव्हा थावराची बायको मिराबाई दारात ज्वारी पाखडत होती. त्याला पाहून तिनं सूप खाली ठेवलं.

"वैनी, थावरा..."

"ठाव हाय मला," ती हळूच म्हणाली.

"कोणी सांगितलं?"

"त्येंनीच. होळीच्या आधी दुपारचं आले व्हते. इथंच उभे ऱ्हायले. बसा म्हणलं, तर बसंनात. म्हणले, वसराम झोपून राहिला, होडीवर कोणी न्हाई... मला माघारी जावं लागंल."

ऊन माथ्यावर होतं, तरी वसरामच्या पाठीतून गारवा सरकत गेला. ज्याला भिऊन त्यानं डोळे मिटून घेतले होते, तोच त्याला घरी आणत होता. तो उंबऱ्यावर बसला आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा रडला.

मिराबाईनं त्याला रडू दिलं. मग आतून तांब्या भरून आणला. त्यानं एक घोट घेतला आणि तो थांबला. पाणी खारट होतं.

"वैनी, ही विहीर..."

"विहीर गोडच हाय, भाऊजी. सारा तांडा पितो." तिनं घरातल्या अंधाराकडं पाहिलं. "ते येऊन गेल्यापासून या घरात आणलं की असं व्हतं. ओतून टाकते... तरी सकाळी घागर पुन्हा खाऱ्या पाण्यानं काठोकाठ."