साठचा फ्यूज

"माझ्या नवऱ्यानं चुकीचं काही केलेलं नाही," फिटरची बायको मास्तरीणबाईंच्या दारातूनच म्हणाली. "गाडीत गाण्याचं यंत्र बसवावं तर त्यांनीच. पंधरवड्यापूर्वी तापानं आठवडाभर अंथरुणाला खिळले, दुकान मी सांभाळलं, तरी एक गिऱ्हाईक तुटलं नाही. आणि आता म्हणे त्यांनी माणूस मारला!"

शाळेतून निवृत्त झाल्यावर मास्तरीणबाई लोकांची असली कोडी सोडवत. सोबतीला धाकटे दीर. भाऊजींच्या डोक्यात प्रकाश उशिरा पडे, पण पाय थकत नसत.

"नेमकं झालं काय?" बाईंनी विचारलं.

"गाडीतल्या गालिच्याखालून त्या यंत्राला जाणारी तार पेटली. मालकाचा धाकटा भाऊ आत होता, गेला बिचारा. पोलीस म्हणतात, फ्यूज साठ अँपिअरचा घातला म्हणून. अहो, यंत्राच्या पाठीवर तीसचे दोन फ्यूज आहेत. तीस नि तीस साठच ना? शेंबडं पोरही सांगेल!"

गाडीमालक आपल्या घराच्या व्हरांड्यात बसला होता. त्याचे डोळे सुजले होते.

"फ्यूजला तुम्ही हात लावला होता?" बाईंनी विचारलं.

"तो कुठं असतो तेही मला ठाऊक नव्हतं. आवाज वाढवला की उडायचा. पंधरवड्यापूर्वी भाऊच दुकानात गेला, पाच मिनिटांत आला. मग कधी उडाला नाही."

फिटर कोठडीत भिंतीला टेकून होता.

"त्या तारेला फ्यूज कितीचा?" बाईंनी विचारलं.

"चाळीस. वर एक नाही." उत्तर तोंडातून निसटलं.

"मग साठचा कसा?"

त्यानं मान फिरवली. "चुकलो. लिहून घ्या."

बाहेर पडताना भाऊजी म्हणाले, "वहिनी, तो स्वतःच कबूल झालाय. चला घरी."

"घरी नाही. त्याच्या घरी."

फिटरच्या बायकोला बाईंनी समोर बसवलं. "फ्यूज यंत्रासाठी नसतो, तारेसाठी असतो. तारेला पेलवेना की आधी त्यानं मरायचं. तो उडायचा, म्हणून तार वाचत होती. तिला पेलायचे चाळीस, हे तुमचे यजमान झोपेतही सांगतील. साठचा घालेल तो यंत्राकडे बघून तीस नि तीस करणारा. फ्यूज बदलला दुकानात, पंधरवड्यापूर्वी. तेव्हा यजमान अंथरुणात होते."

ती हळूच म्हणाली, "मीच दिला. तो पोरगा म्हणाला, काकू, सारखा उडतो हो. मी म्हटलं, आता नाही उडणार."

भाऊजींनी विचारलं, "मग हा बाबा गप्प का?"

"साठचा आकडा दिसला, तेव्हाच त्याला कळलं, तो कुणाच्या हातचा," बाई म्हणाल्या.

"मी सांगते त्यांना." ती उठली.

"सांगा. पण तुमच्या हातून फ्यूज घेणारा एकच होता, आणि तो उरला नाही."

भाऊजी तिच्याबरोबर चौकीवर गेले. तिनं सगळं सांगितलं, दोनदा सांगितलं. हवालदारानं कागदावरून मान वर केली नाही. "नवऱ्यासाठी सगळ्याच बायका असं बोलतात, बाई."

"देवाशपथ खरं आहे!"

कोठडीतून फिटर मोठ्यानं हसला. लग्नाला वीस वर्षं झाली होती, पण तिला असं चारचौघांत तो पहिल्यांदाच हसत होता.

"तिचं काय मनावर घेता, साहेब? तिला फ्यूज नि बटण यातला फरक कळत नाही. घरी पाठवा तिला."