दोन ठोके म्हणजे रेस दे

हे खरं घडलंय. माझ्यासोबत, माझ्या मुलीसोबत आणि माझ्या भावासोबत. त्यातली एक तर अजून नीट बोलतही नाही. कुणाला पटो न पटो, मी एक शब्दही वाढवून सांगणार नाही.

गेल्या ऑगस्टमधली गोष्ट. आमचा गुरांचा तळ सेरोवे गावाच्या पश्चिमेला आहे, पक्क्या रस्त्यापासून साठ किलोमीटर वाळूत. रात्र नव्हती. भर दुपार होती, दोन वाजले असतील. वारा इतका की शेळ्यासुद्धा झुडपांना पाठ लावून उभ्या होत्या.

माझी मुलगी त्साओने तेव्हा आठ महिन्यांची. सकाळपासून अंग तापलेलं. दुपारी तिने दूध सोडलं, आणि नंतर रडणंही सोडलं.

रडणारं मूल बरं... न रडणाऱ्याची भीती वाटते.

तळावर मी, बाळ आणि माझा धाकटा भाऊ गोफाओने, एवढेच. गाडी एकच. बाबांचा जुना पिकअप, बाभळीखाली, ताडपत्रीत गुंडाळलेला.

त्याला हात लावायचा नव्हता.

बाबा जानेवारीत गेले होते. आमच्याकडे माणूस गेला की त्याच्या वस्तू वर्षभर बंद ठेवतात. वर्ष झालं की मामा येतो, वस्तू धुतो, वाटतो. तोवर कोट नाही, टोपी नाही, काठी नाही... आणि गाडी तर नाहीच. बाबांचा कोट गावच्या घरी एका खोलीत होता. त्या खोलीची किल्ली मामाच्या गळ्यात.

"मामाला कळलं तर सोलून काढेल," गोफा म्हणाला.

"मला सोलू दे. तू ताडपत्री काढ."

त्याने झोपडीच्या सोलरची बॅटरी काढून गाडीला जोडली. तिसऱ्या खेपेला गाडी सुरू झाली. वीसेक किलोमीटर गेलो असू. मग गाडी झटके द्यायला लागली. दम निघून गेला. मऊ वाळूत चाकं रुतली, ती रुतलीच.

"मिसिंग मारतेय," गोफा म्हणाला.

"ते मलाही कळतंय. कुठला सिलिंडर?"

"मला काय विचारतेस ताई? बाबा गाडीच्या कामाला तुला घ्यायचे. मला गाईंमागे पाठवायचे."

तेही खरंच. लहानपणी गाडी बिघडली की मी ड्रायव्हरच्या सीटवर, पाय अ‍ॅक्सिलरेटरवर. बाबा बॉनेटखाली. इंजिनच्या आवाजात हाक ऐकू येत नाही, म्हणून ते पत्र्यावर ठोकायचे. दोन ठोके म्हणजे रेस दे. एक ठोका म्हणजे सोड. एक ठोका येईपर्यंत पाय उचलायचा नाही, हा कायदा. एकदा माशी चावली म्हणून उचलला, तर म्हणाले, "बोनोलो, माझी बोटं आत आहेत गं, विसरलीस?"

मी गोफाला समजावलं. "प्लगच्या चार वायरी आहेत. चालू इंजिनात एकेक काढून बघ. काढल्यावर इंजिन आणखी अडखळलं, तर तो सिलिंडर जिवंत. काहीच फरक पडला नाही, तर तोच मेलेला."

त्याने बॉनेट उघडलं. पहिल्याच वायरीला असा झटका बसला की टोपी उडाली.

"आई गं! जिवंत आहे हा! चारही जिवंत आहेत! मी नाही हात लावणार."

"मोठा गुराखी! बैलाला भीत नाहीस..."

"बैलाला वीज नसते, ताई."

मी हसले. तेवढ्यात बाळाचं डोकं माझ्या हातावर सैल पडलं, आणि हसू तिथेच थिजलं.

गोफाने ते पाहिलं. फोन घेऊन दूरच्या उंच वारुळाकडे धावला. तिथे कधीकधी रेंज येते.

मी ड्रायव्हरच्या सीटवर सरकले. बाळ मांडीवर. इंजिन बंद करायचा धीर होईना, पुन्हा सुरू झालंच नाही तर? समोर उघडं बॉनेट. त्यापलीकडचं काही दिसत नव्हतं. तीन ठोके आणि एक खड्डा, तीन ठोके आणि एक खड्डा... असं ते इंजिन चाललं होतं.

आणि मग...

ठक. ठक.

पत्र्यावर.

मला वाटलं, गोफा परत आला. मी रेस दिली.

इंजिन अडखळलं. पुन्हा सावरलं. कुणीतरी पहिली वायर काढून परत लावली होती.

मग दुसरी. तसंच.

मग... काहीच नाही. आवाजात तसूभर फरक नाही.

तिसरा. मेलेला तिसरा होता.

"सापडला ना रे?" मी ओरडले.

वारा थांबला होता. तंबाखूचा वास आला. गोफा तंबाखू ओढत नाही.

मांडीवर बाळाने डोळे उघडले. तापात मिटलेले डोळे, टक्क उघडे. ती बॉनेटकडे बघत होती. माणसाकडे बघावं तशी.

आणि इंजिनातला खड्डा भरून आला.

चारही ठोके. सलग, गुळगुळीत.

बॉनेट खाली आलं. आपटलं नाही. बाबा दोन्ही तळव्यांनी टेकवायचे, तसं.

समोर कुणी नव्हतं.

दूर वारुळावर गोफा उभा होता. माझ्याकडे पाठ, फोनचा हात आकाशात.

मी एका ठोक्याची वाट पाहिली. पाय दाबलेलाच.

तो आला नाही.

गोफा धावत आला. "रेंज नाही... अगं, सुधारली कशी? तू हात लावलास?"

मी नाही म्हणून मान हलवली. त्याने बॉनेट उचललं आणि तसाच उभा राहिला. तिसऱ्या वायरीवर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली होती. नवी, काळीभोर. वर दुहेरी गाठ, डावखुऱ्या माणसाची.

आमच्या घरात डावखुरे एकटे बाबा होते.

"ताई," तो एवढंच म्हणाला, "तूच चालव."

त्याने चाकांपुढे फांद्या टाकल्या आणि बाळाला घेतलं. उरलेले चाळीस किलोमीटर मी पाय उचलला नाही. पक्क्या रस्त्यालगतच्या दवाखान्यात नर्सबाईंनी सुई लावता लावता मला झापलं, "आणखी तासभर उशीर केला असतास, तर हिला घेऊन इथे यायची गरज उरली नसती."

जानेवारीत मामा आला. गळ्यातली किल्ली काढून त्याने खोली उघडली. वर्षाची धूळ जशीच्या तशी, जमिनीवर एक पाऊल नाही. त्याने कोट झटकला. खिशातून ट्यूबच्या पट्टीची गुंडाळी पडली. सगळी धुळीने राखाडी.

फक्त कापलेलं टोक काळंभोर.

"हे कुणी कापलं?" मामाने विचारलं.

गोफाने माझ्याकडे पाहिलं. मामाने गाडी मला दिली.

बाबा रागावले होते, की मदतीला आले होते? मला माहीत नाही. रात्री दूध पाजताना विचार करते आणि अर्ध्यातच सोडून देते.

त्साओने आता दीड वर्षाची झालीय. ठणठणीत आहे. पेज खाताना ती कधीकधी एकदम थांबते, दाराकडे बघते आणि पत्र्याच्या ताटलीवर चमचा ठोकते.

ठक. ठक.

दोनच. नेहमी दोनच.

माझा उजवा पाय आपोआप जमिनीत दाबला जातो... आणि मी तशीच बसून राहते. एक ठोका येण्याची वाट बघत.