तिसरी कमान

परदेशात दिव्यांची कला शिकताना मला वाटायचं, पुलावर उजेड पडला की शहर आपोआप नदीकडं वळेल. कोल्हापुरात परतले तेव्हा कळलं, इथं उजेड कुणालाच नको होता. उद्घाटन हवं होतं.

कार्तिक अमावास्या, २००४. रात्रीचे पावणेअकरा. पंचगंगेवरच्या जुन्या पुलाच्या कमानी माझ्या निळ्या दिव्यांनी उजळल्या, तिसरी सोडून. तिथं कुठंतरी तार तुटली होती, आणि दुसऱ्या दिवशी मंत्री येणार होते. वायरमन वीरेशनं फ्यूज काढून खिशात टाकला. सगळा पूल अंधारात गेला. तो कमरेला दोर बांधू लागला.

"आज उतरायचं न्हाय," जोतीराममामा म्हणाले. मामा निवृत्त वायरमन. मीच त्यांना मदतीला बोलावलं होतं.

"का? भूत हाय व्हय खाली?" वीरेश हसला. "असलं तर शॉक बसंल की त्याला."

मामा हसले नाहीत. कठड्याला टेकून सांगू लागले.

"शहाण्णव साल. हीच अमावस्या. असाच पूल सजवायचा हुता. माझा जोडीदार सिद्धाप्पा तिसऱ्या कमानीत उतरल्याला. फ्यूज त्याच्या खिशात. आपली रीतच हाय, उतरणाऱ्याचा जीव त्याच्याच खिशात. उद्घाटनाचं पाव्हणं तासभर आधीच आलं. सायेब वरडला, लाईट पायजे म्हंजे पायजे. मग फ्यूजच्या जागी तार अडकवली..."

"कुणी?" मी विचारलं.

मामांनी नदीकडं तोंड फिरवलं.

"मामा, कुणी?"

त्यांनी आपले दोन्ही हात पुढं केले.

"त्याच्या बायकोला, मल्लव्वाला, सांगितलं, पाय घसरला. आठ वर्सं हेच सांगतुया."

वारा नव्हता. खाली पाणी दिसत नव्हतं. वीरेशनं खिसा चाचपला. फ्यूज होता...

आणि तिसरी कमान पेटली.

एकटीच.

वीरेशनं कमरेचा दोर सोडला.

मग विझली.

उजाडल्यावर वीरेश उतरला. तुटलेली तार जोडलेली होती. तांबं लख्ख, ताजं.

"मामा," तो खालून ओरडला, "तारंचा पीळ उलटा हाय हो!"

"सिद्धाप्पा डावखुरा हुता," मामा म्हणाले, आणि कठड्याला धरून खाली बसले.

संध्याकाळी सहाला मंत्री बटण दाबणार होते. मी महापालिकेच्या साहेबांना चिठ्ठी पाठवली: पूल आज अंधारातच राहील. मग मामांच्या दंडाला धरून त्यांना उठवलं.

"चला. मल्लव्वाच्या घरी."