चुलीपाशी उभे राहिलेले

पुरातत्त्वाचं काम, नेहमीचंच होतं. नव्या इमारतीच्या पायाच्या खड्ड्यात जुन्या घराची जमीन लागली होती, चुलीसकट जळून काळी पडलेली. तिचा फोटो नगररचना कार्यालय बंद व्हायच्या आत द्यायचा. दिला, तर बांधकाम थांबणार. नाही तर सकाळी काँक्रीट.

फोटो माझी वहिनी काढते, जमीन मी झाडतो. फोटोत माणूस नको, पावलाचा ठसाही नको. नाही तर जागा तुडवली म्हणून फोटो परत येतो. म्हणून मी ब्रशनं झाडत उलटा सरकतो आणि तसाच खड्ड्याबाहेर येतो.

मुकादम काठावरून बघत होता. "लोक राहत्या घराची फरशी झाडतात. तुम्ही मेलेल्यांची झाडा."

"तुमच्या घरी कोण झाडतं, ते सांगा आधी," वहिनी म्हणाली. तो हसत चहाला गेला.

मी वर आलो. आभाळ भरून आलं होतं. खड्ड्यातून ओल्या राखेचा वास येत होता.

"भावजी, चुलीपाशी पाय दिलात का?"

चुलीपाशी अनवाणी पावलं उमटली होती. माझ्या पायांत बूट होते.

पुन्हा उतरलो, झाडलं, वर आलो. आता ठसे वाढले होते. त्यांत एक जोडी लहान मुलाची. ते कुठून चालत आले नव्हते, कुठे गेलेही नव्हते. सगळ्यांची बोटं कॅमेऱ्याकडे. घरची माणसं फोटोसाठी दाटीवाटीनं उभी राहतात, तशी.

"पुन्हा झाडा ना..."

"उजेड चाललाय, वहिनी."

तरी उतरलो. झाडताना कानाशी कुणीतरी खोकलं... धूर छातीत गेल्यासारखं. मी हात थांबवला नाही. वर येऊन पाहिलं, तर ठशांत रिकामी जागा उरली नव्हती.

"काढा तसाच," मी म्हणालो.

कार्यालयात पोचलो, तेव्हा अधिकारी निघायच्या तयारीत होते. कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो पाहून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "माणसं उभी केलीत? तीही एवढी?"

मी वाकून पाहिलं. पडद्यावर नुसती जमीन आणि चूल. ठसेसुद्धा नव्हते.

"साहेब, यात कुणीच नाही..." वहिनीनं कॅमेरा त्यांच्यापुढे सरकवला. "पाया पडते, नीट बघा. सकाळी यांच्यावर काँक्रीट ओततील."

"मग उद्या दुसरा आणा."

"उद्या काही उरणार नाही, साहेब."

ते चिडले नाहीत. खुर्ची जरा मागे घेतली. नजर आमच्या खांद्यांवरून पलीकडे गेली.

"आणि सगळ्यांना घेऊन यायची काय गरज होती? एकानं बोललं तरी चालतं."

खोलीत आम्ही दोघंच होतो. मी मागे वळलो. शिपाई दार उघडं धरून उभा होता, कुणाला धक्का लागू नये म्हणून भिंतीशी अंग चोरून. आत येणारे अजून संपले नव्हते.