पानावरचा डाग

डाग काढणं हेच माझं काम. युरोपातल्या एका लायब्ररीच्या आठशे वर्षं जुन्या स्तोत्रांच्या पोथीचे स्कॅन मी रियाधच्या फ्लॅटमध्ये बसून साफ करते. बुरशी, मेण, बोटांचे ठसे. डोळ्यांत तेल घालून करते, आणि त्याबद्दल उन्मेष, माझा नवरा, मला ‘मोलकरीणबाई’ म्हणतो.

रविवारी एक पान केलं. मोठ्या अक्षराच्या पोटात निळं पाणी, त्यात कमरेपर्यंत बुडालेला माणूस, वर बघणारा. त्याच्या डोक्यावर फिकट तपकिरी डाग होता, तो पुसला. पान मंजूर झालं आणि नियमाप्रमाणे डागासकटची मूळ फाइल लायब्ररीनं परत घेतली; साफ केलेली तेवढी माझ्याकडे राहिली.

सोमवारी उन्मेष जिझानकडे गेला. समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या एका प्लांटवर टाक्या तपासायच्या होत्या. संध्याकाळी ते पान पुन्हा उघडलं तर पाणी माणसाच्या छातीशी. दुसरी फाइल असणार, म्हटलं. तारीख रविवारचीच होती.

मंगळवारी सकाळी पाणी गळ्याशी. मी स्क्रीन पुसली, चष्मा पुसला. मग फरहानाला फोन केला. ती रत्नागिरीची, माझ्याबरोबर हेच काम करते.

“वर डाग होता ना?” तिनं विचारलं.

“होता. पुसला की.”

“अगं, तो डाग नव्हे. त्या स्तोत्रात बुडणारा माणूस देवाला हाक मारतो. वरून देवाचा हात येतो. रंग उडालेला असणार.”

मी चित्रातला चेहरा मोठा केला. डाव्या भुवईत कापल्याची रेघ. उन्मेष लहानपणी सायकलवरून पडला होता, तीच रेघ.

त्याला फोन लावला. बंद. टाकीत उतरताना फोन बंद करून वरच ठेवतात.

पाणी ओठांशी.

मूळ फाइल मागवली तर दोन दिवस लागतात. मी माउसनंच हात काढायला घेतला. मला चित्रकला येत नाही. मनगट काढलं. चार बोटं काढली.

पाणी नाकाशी.

तसंच सेव्ह केलं.

दुपारच्या अजानला फोन वाजला. “घाबरू नकोस,” उन्मेष म्हणाला. “पाय घसरून टाकीत पडलो होतो. कुणीतरी मनगट धरून वर ओढलं. वर येऊन बघतो, तर कुणीच नाही गं.”

बुधवारी तो घरी आला. मी रडले, त्याच्यावर चिडले, मग पान वाढलं. जेवायला त्यानं बाही वर सारली. मनगटावर काळेनिळे वळ होते.

मी मोजले. चार. अंगठ्याचा नव्हता.